नागापुरात मीटिंग कुठे भरते?

गेल्या श्रावणात नगरच्या नागापुरात आमच्या घरी मी माझ्या आत्याला आणि मामांना समोरासमोर बसवलं. त्यासाठी तीन आठवडे फोन करावे लागले. आत्या पारनेर तालुक्यातली. तिच्या नवऱ्याला दारूने नेलं, त्याला बावीस वर्षं झाली. मामा इथल्या एमआयडीसीत फिटर होते. एके काळी इतके प्यायचे की माझ्या आईने त्यांना राखी बांधणं सोडलं होतं. दारू सोडून आता चौदा वर्षं झाली. पण कोणी तसं म्हटलं की ते म्हणतात, "आज प्यायलो नाही, एवढं लिहून ठेव."

दोघांमधला विषय होता आत्याचा मुलगा. वय छत्तीस, कामाला एमआयडीसीत, बायकापोरांसह खोली बोल्हेगावकडे. फर्स्ट शिफ्ट दुपारी तीनला सुटते, तो रात्री नऊला घरी पोचतो. मधले सहा तास मनमाड रोडवर कुठे गेले, हे त्याच्या बायकोला महिनाअखेरीला बँकेतल्या शिल्लकीवरून कळतं.

मला माझी अडचण साधी वाटत होती. नागापुरात किंवा आसपास दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते, कोणत्या वारी, किती वाजता, एवढं मामांनी सांगायचं. पत्ता मिळाला की मी त्याला मोटरसायकलवर बसवून सोडून येणार.

"नागापुरातली नको," मामा म्हणाले. "शहरातली बघू."

"पण मामा, पायी जाता येईल अशी असली तर..."

"पायी जाणारा तो एकटा नसेल. पहिल्याच दिवशी दारात लाइनवरचा माणूस दिसला तर तो चप्पल न काढता मागे फिरेल. मीही फिरलो होतो. मी पहिली मीटिंग कुठे केली, माहीत आहे? पुण्याला. एकशेवीस किलोमीटर, एसटीने. कारण तिथे मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. वर्षभराने नगरची मीटिंगची खोली मला चालायला लागली. जवळची मीटिंग म्हणजे ज्या मीटिंगला तो दुसऱ्यांदा जाईल, ती. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नकोस."

आत्या इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हंजे लाज हायेच की तुम्हाला. मग लपून कशापायी बसता? आमच्याकडं जे झालं ते चारचौघांत झालं. देवळापुढं झालं."

आत्याचं हे बोलणं कुठून येतं, हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पारनेर तालुक्यातच राळेगणसिद्धी आहे. सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे १९७५ साली गावात परतले तेव्हा तिथे दारूच्या भट्ट्या लागत होत्या. भट्ट्या बंद करायचं लोकांनी यादवबाबांच्या देवळात ठरवलं. तरीही जे प्यायले त्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने फोडून काढलं, आणि ही गोष्ट अण्णांनी कधी लपवली नाही. आत्याच्या पिढीने ते ऐकलं आणि त्यात चूक काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. पुढे 'आडवी बाटली' आली. गावातल्या २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात, आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं.

"यादीतल्या निम्म्या," आत्या म्हणाली. "आलेल्यातल्या नाय. जी बाई मताला आली नाय, ती उभ्या बाटलीकडंच मोजली जाती. म्हणून घराघरात जावं लागतं. लेकीकडं पुण्याला गेलेल्या म्हाताऱ्या आम्ही जीप करून आणल्या. खुरपणी सोडून बाया आल्या. दोनशेवर बाया मी माझ्या पायांनी जमवल्या, भाऊ. तुमच्या खोलीत किती माणसं असत्यात?"

"आठ. कधी बारा. पावसात तिघंच."

"तिघं!" तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि ही तिघं माझ्या पोराची सोडवणार?"

मामा चिडले नाहीत. "ताई, तुमच्या आडव्या बाटलीबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. दुकान शाळेच्या वाटेवरून हटलं, तर नवी पोरं वाचतात. पण जो आधीच लागलाय त्याचं काय? चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ला दारूबंदी आली, २०२१ला उठली. त्या सहा वर्षांत माझ्यासारखा माणूस काय करत असेल, ते मी सांगतो. तो रोज सकाळी उठून आज कुठून मिळेल याच विचारात असेल. दुकान बंद झालं की त्याचा रस्ता लांबतो, तहान तशीच राहते."

"आणि रस्ता आखूड ठेवला की काय व्हतं? पांगरमल इसरलात?"

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. नगर तालुक्यातलं पांगरमल. २०१७चा फेब्रुवारी, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे दिवस. जेवणावळीत वाटलेल्या बनावट दारूने माणसं मेली.

"नाही विसरलो," मामा म्हणाले. "आमच्या खोलीत त्या आठवड्यात कोणी दुसरं बोललंच नाही. आमच्यातला प्रत्येक जण म्हणत होता की त्या रात्री मी तिथे असतो तर पहिला ग्लास माझा असता."

खरं सांगायचं तर मला आत्याचा संताप परका वाटत नाही. आमच्या जिल्ह्याची श्रीमंती उसावर उभी आहे. लोणीचा प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०च्या सुमाराला सुरू झाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि असावाच. पण साखर निघाल्यावर मळी उरते आणि मळीपासून मद्यार्क होतो, हेही इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ज्या बाईच्या घरातला माणूस यात बुडाला तिने देवळापुढे उभं राहून ओरडावं, हे मला रास्त वाटतं. माझी शंका वेगळी होती. ओरडून झाल्यावर त्या माणसाने दुपारी तीन वाजल्यापासून रात्री नऊपर्यंत जायचं कुठे?

आत्याकडे त्याचंही उत्तर होतं. "माळ घालावी. वारीला जावं. माळकरी बाटलीला शिवत नाय."

"माळेने सुटलेली चार माणसं मला माहीत आहेत," मामा म्हणाले. "त्यांना माझा नमस्कार. पण ताई, ज्याने माळ घालून परत दारू घेतली, तो पुढे काय करतो? माळ खुंटीला लावतो आणि भजनात यायचा बंद होतो, कारण आता तो दोनदा पापी झाला. आमच्याकडे याला स्लिप म्हणतात. स्लिप झालेला आला तर त्याला कोणी विचारत नाही, का रे बाबा असं केलंस. त्याला खुर्ची देतात, चहा देतात. माझ्या पाच स्लिपा झाल्या आहेत. सहाव्यांदा त्या दारातून आत जाताना मला जी भीती वाटली होती, ती वाटायचं कारण नव्हतं, एवढंच मला तिथे शिकायला मिळालं."

"मग करता तरी काय त्या खोलीत? भाषण?"

मामांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला याचीच धास्ती असते. तास-दीड तासाची बैठक. कोणीतरी थोडं वाचून दाखवतो. मग एकेक जण स्वतःचं पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि स्वतःबद्दल बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. बोलायचं नसेल तर 'आज ऐकतो' म्हटलं की झालं. फी नाही. शेवटी डबा फिरतो, सदस्य जमेल ते टाकतात, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. बाहेरच्याची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. काही बैठका ओपन असतात, तिथे माझ्यासारखा नातेवाईक बसू शकतो. क्लोज्ड असेल तर फक्त पिणाऱ्यांनी जायचं. म्हणून आधी विचारावं की ओपन आहे का क्लोज्ड, मराठीत आहे का. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं (ए.ए.) देशाचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, तिथून गावाचा ग्रुप आणि वार कळतो. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही विचारता येतं. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे, मनाच्या आजारांसाठी टेलिमानसचा १४४१६. मामांच्या खोलीचा पत्ता मात्र मी इथे लिहिणार नाही. ती एका शाळेच्या मागच्या बाजूला आहे, आणि तिथे येणाऱ्यांनी माझ्यावर ठेवलेला विश्वास छापण्यासाठी नाही.

"हे सुरू कसं झालं सांगतो," मामा म्हणाले. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलतो. "अमेरिकेत ॲक्रन नावाचं शहर. १९३५चा मे महिना. बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस, पाच महिने दारू सोडलेली. धंद्याच्या कामाला आला आणि काम फिसकटलं. संध्याकाळी हॉटेलच्या मोठ्या खोलीत एकटा उभा. एका टोकाला बार, माणसांचे आवाज येताहेत. दुसऱ्या टोकाला टेलिफोन, शेजारी गावातल्या चर्चची यादी. त्याने यादीतले नंबर फिरवायला घेतले. काय मागत होता? डॉक्टर नाही, औषध नाही. दुसरा एखादा दारुडा मागत होता, ज्याच्याशी बोलता येईल. शोधत शोधत बॉब नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. बॉब म्हणाला होता, पंधरा मिनिटं देईन. सहा तास बसले दोघं. १० जूनला त्या सर्जनने शेवटची दारू घेतली. ती तारीख आमचा वाढदिवस. आपल्याकडे मुंबईत हे १९५७ला आलं."

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे त्याच्यापाशीबी पत्ता नव्हता."

मला वाटतं, त्या दुपारी मी सगळ्यात जास्त या एका वाक्याने शिकलो. मी पत्ता शोधत होतो. दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. बाकीच्या सदतीस जणांना पत्ते मिळाले नाहीत म्हणून हे झालं, असं मला आता वाटत नाही. कोक्रेन या संस्थेने २०२० साली ए.ए.वरचे २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत १०,५६५ माणसं होती. माणसाला बैठकीशी नीट जोडून देणारे आखीव उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. यात जोडून देणं हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. नुसता कागदावर वार आणि वेळ लिहून देणं हे जोडून देणं नव्हे. पहिल्या दिवशी कोणीतरी बरोबर जावं लागतं, आणि तो कोणीतरी स्वतः तिथे पूर्वी थरथरत गेलेला असावा लागतो. माझ्या मोटरसायकलचा उपयोग पेट्रोलपुरता.

"उद्यापासून घोटभरबी देऊ नका त्याला, म्हणावं," आत्या म्हणाली. "खोलीला कडी घालते आठ दिवस."

मामा ताठ झाले. "ताई, नाही. तो आता सकाळी उठल्यावर घेतो का? घेतली नाही तर हात कापतात का?"

"कापत्यात."

"मग कडी घालू नका. इतकी वर्षं पिणाऱ्याची एकदम तोडली की ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. पुढे दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो. मला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, मी त्या झाडत होतो. यात माणूस जातो. आधी डॉक्टर. ते झटके थांबवायच्या गोळ्या देतात, बी-वन जीवनसत्त्व देतात, सलाइन लावतात. शरीर शांत झालं की मग खोली. आमच्या खोलीत औषध नसतं, आणि औषधाच्या जागी कोणी बसवू नये तिला."

आत्याने पदर तोंडाला लावला. बराच वेळ लागला तिला बोलायला.

"ह्याच्या बापाला आम्ही कोंडलं व्हतं," ती म्हणाली. "दीर म्हणाले, तीन दिवस कोंडा, उतरंल. दुसऱ्या रातीला त्यो ओरडायला लागला, मेलेली आई दिसती म्हणून. झटके आले. आम्हाला वाटलं, बाधा झाली. देवऋषाला बोलावलं. लिंबं उतरली. सकाळी गेला. बावीस वरसं मी म्हणत आले, दारूनं मारला."

मामा उठून तिच्याजवळ खाली बसले. "दारूनेच मारला. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

मीही काही बोललो नाही. पण वाचणाऱ्याला सांगतो, कारण आमच्या भागात भिंतींवर आणि एसटी स्टँडवर 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती अजून दिसतात. दारू सोडवण्याची एक गोळी आहे, डायसल्फिराम. ती घेतल्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर येऊ शकतं. ती डॉक्टरने, त्या माणसाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायची असते. भाजीत कालवून नाही. आणि गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी, मारहाण करणारी काही 'केंद्रं' आहेत, त्यांनाही आपला माणूस देऊ नये. चांगलं काम कसं असतं ते पाहायचं तर पुण्याचं मुक्तांगण आहे. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने १९८६ साली ते सुरू केलं. तिथे पस्तीस दिवसांचा उपचार असतो, आणि माणूस घरी गेला की काम संपलं असं ते मानत नाहीत. पाठपुराव्याच्या बैठकांना येत राहायला सांगतात. छत्तिसावा दिवस सगळ्यांत अवघड, असं मामा म्हणतात.

चहा झाला. आत्या सावरली, आणि सावरल्यावर तिने मामांना जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मामांकडे लगेच नव्हतं.

"भाऊ, तुमचं नाव झाकलेलं. पहिलंच नाव सांगायचं, आडनाव नाय. खोलीतलं बाहेर न्यायचं नाय. बरं हाये. पर बाईचं काय? आमच्या वहिनीचं नाव कोणी झाकलं? माझं कोणी झाकलं? किराणावाला मला दारुड्याची बायको म्हणून उधारी देत नव्हता. शाळेत पोराला त्याच नावानं हाक मारायचे. माझी सून आता दूध आणायला जाती, खाली मान घालून. तुम्ही गुरुवारी खोलीत बसून मन मोकळं करून येता. तिनं कुठं बसायचं?"

मामा कपातल्या उरलेल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझी बायको तेव्हा शाळेबाहेर बाकावर बसायची. मी आत. दीड तास. मी तिला कधी विचारलं नाही, तू काय करत होतीस."

"मी इचारते ते हेच."

"अमेरिकेतही असंच झालं होतं," मामा सावकाश बोलले. "नवरे आत, बायका स्वयंपाकघरात नाहीतर बाहेर गाडीत. बिलची बायको लोइस. नवरा सुटला, तरी ही आतून धुमसतच होती. एकदा तो मीटिंगला चल म्हणाला तर तिने त्याला बूट फेकून मारला."

"बरं केलं."

"त्यानंतर तिच्या लक्षात आलं की आजार तिलाही लागलाय. त्या बाहेर थांबलेल्या बायकाच मग एकत्र बसायला लागल्या. १९५१ला त्याची संस्था झाली, अल-ॲनॉन. मुक्तांगणमध्ये बायकांचा गट आहे, सहचरी नावाचा. तिथे नवऱ्याची सुटली का, यावर बोलत नाहीत. बाईला रात्री झोप लागते का, यावर बोलतात."

"पुन्याला."

"पुण्याला."

"सून दर आठवड्याला पुन्याला कशी जाणार?"

तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. सेकंड शिफ्ट बदलून मिळाली होती, तो जेवायच्या सुट्टीत होता. मी फोन मामांना दिला. मामांनी त्याला उपदेश केला नाही. आधी डॉक्टरकडे जाऊ, मी बरोबर आहे, एवढं म्हणाले. मग गुरुवारचं सांगितलं. "मी पुलाच्या अलीकडे उभा राहतो. आलास तर रिक्षाने जाऊ, नाही आलास तर मी एकटा जाईन, मला जायचंच आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मामा हसले. "कंपनीतलं कोणी असेल का? असेलही. पण तिथे असेल तर तोही तुझ्यासारखाच असेल ना रे."

फोन ठेवल्यावर आत्याने विचारलं, "येतो म्हणला?"

"बघतो म्हणाला."

"बघतो म्हंजे नाय."

"मी सहा महिने बघतो म्हणत होतो," मामा म्हणाले.

आत्याने त्यावर मान हलवली नाही, पटल्यासारखी किंवा न पटल्यासारखीही. तिने दुसरंच काढलं. "ती बायांची बैठक सुरू करायला सरकारी कागद लागतो का?"

"नाही."

"नोंदणी?"

"नाही. दोन-तीन जणी एकत्र बसल्या तरी ग्रुप होतो. आठवड्याचा एक वार ठरवायचा आणि तो मोडायचा नाही. वाचायचं साहित्य मी मागवून देतो."

"खर्च?"

"चहाचा. ज्याचा त्याने."

आत्याने चष्मा काढून पुसला. दोन दिवसांपासून ती सुनेकडे राहत होती, गल्लीतली निम्मी घरं तिला तोंडपाठ झाली होती. तिने डाव्या हाताची बोटं मोजायला घेतली. घराची खूण सांगायची, नाव घ्यायची नाही. समोरच्या पत्र्याच्या घरातली. डेअरीवर सकाळी भेटते ती. पिको-फॉलवाली. ज्या पोरीचा नवरा परवा गटारात पडला व्हता, ती. सून.

"एका गल्लीत पाच," ती म्हणाली, आणि दुसरा हात वर घेतला.